शिंप्याची टेप आणि श्वासाची नोकरी

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. यंदा पहिला फोन भाचीचा. "आत्या, नीटमध्ये माझं काही खरं नाही. तू करतेस ते मला जमेल का? आणि तू नक्की करतेस काय?"

दुसरा प्रश्न रास्त होता. चौदा वर्षं पुण्यात आयसीयूत नोकरी करतेय, पण कुडाळला आई अजून शेजारणींना सांगते, "माझा चेडू पुण्याक मोठ्या हॉस्पिटलात मशिनीर आसा." हॉस्पिटलात 'मशीनवर आहे' म्हणजे पेशंट व्हेंटिलेटरवर आहे. त्यामुळे नवी शेजारीण असली की आधी हळहळते, मग तिला समजावत बसावं लागतं.

तर काम असं. माणसाला श्वास पुरेनासा झाला की त्याला ऑक्सिजन किती आणि कशातून द्यायचा, व्हेंटिलेटर लावायचा तर कोणत्या सेटिंगवर, फुप्फुसं ते सोसताहेत का, आणि यातून सुटका कधी करायची, हे डॉक्टरांच्या बरोबरीनं बघणारा माणूस म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्ट. आम्ही औषधं लिहून देत नाही. नर्सही नाही. मशीन दुरुस्त करणं हे बायोमेडिकलवाल्यांचं काम, पण नातेवाइकांना आम्हीच 'मशीनवाले' वाटतो आणि कधी कधी टीव्हीचा रिमोटही आमच्याच हातात देतात.

प्रवेशाचं भराभर सांगून टाकते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. पदवीचं नाव बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी, इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल, कोचीचं अमृता ही नावाजलेली ठिकाणं. पुण्यातही आता हे शिकता येतं. मी मणिपालला गेले ती फार विचार करून नव्हे. कोकण रेल्वेनं कुडाळहून उडुपीला जाता येतं आणि तिकडेही भात-मासे मिळतात, एवढं बाबांना पुरलं. फी मात्र त्यांच्या आवाक्यातली नव्हती, शैक्षणिक कर्ज काढलं.

कॉलेज निवडताना माहितीपुस्तकातले फोटो बघू नका. त्या कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, कँटीनमध्ये चहा घ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. विचारा, आयसीयूत खाटा किती? तुम्हाला पेशंटला हात लावू देतात की भिंतीला टेकून उभं करतात? शिकवणाऱ्यांत स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट कुणी आहे का? नवजात बाळांच्या आयसीयूत किती आठवडे पाठवतात? ही उत्तरं फीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची. दुसरं म्हणजे २०२१मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झाला. आपल्यासारख्यांची नोंदणी आणि अभ्यासक्रम आता त्या आयोगाच्या कक्षेत येतात. तुमची पदवी त्यात बसते का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. तोंडी "हो हो, सगळं होतं" म्हणाले तर उठून या.

प्रवेश झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत एक गृहपाठ करा. घरातलं कुणी झोपलं असेल तेव्हा त्याचे श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० येतील. मोजताय हे त्याला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. आठवडाभर मोजलंत की पोट आधी हलतं की छाती, मानेचे स्नायू ताणले जातात का, हे आपोआप दिसायला लागेल. आयसीयूत मॉनिटर आकडा दाखवतो, पण मानेचे स्नायू दाखवत नाही.

मराठी माध्यमाची भीती बाळगू नका. मी दहावीपर्यंत मराठीतच शिकले. पहिलं सत्र जड गेलं. नंतर लक्षात आलं की केरळच्या मुलींनाही तेवढंच जड जातंय, फक्त त्या आत्मविश्वासानं चुकतात.

टेप

आता मुद्द्याचं. माझ्या एप्रनच्या खिशात शिंप्याची टेप असते. तिच्यामागे एक रात्र आहे.

नोकरीला लागून महिनाभरही झाला नव्हता. एक बाई आल्या, न्यूमोनिया, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. श्वासनळीत ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावायचा होता. केसपेपरवर वजन होतं ९२ किलो. किलोमागे ६ मिली हा नियम तोंडपाठ, म्हणून ५५० मिली टायडल व्हॉल्यूम, म्हणजे मशीननं एका श्वासाला द्यायची हवा, ठेवला आणि आपल्याला किती येतं या आनंदात दुसऱ्या बेडकडे गेले. पहाटे वरिष्ठ आल्या. त्यांनी पेशंटवरची चादर नीट केली, पायांकडे बघितलं आणि विचारलं, "या बाईंची उंची किती?"

उंची होती १५० सेंटिमीटर. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. ती उंचीवर ठरतात. म्हणून हिशेबात धरायचं ते उंचीवरून काढलेलं वजन. बाईंसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), पुरुषांसाठी ४५.५च्या जागी ५०. या बाईंचं ते वजन येतं ४३ किलो. किलोमागे ६ मिलीनं २६० मिली. मी दुपटीहून जास्त हवा रात्रभर त्या आजारी फुप्फुसांत भरत होते. सुदैवानं बाई वाचल्या. मला कुणी ओरडलं नाही, त्यामुळेच जास्त लागलं.

हा ६ मिलीचा आकडा कुठून आला तेही सांगते, कारण पाठ केलेला आकडा रात्री तीनला विसरतो, त्यामागची गोष्ट विसरत नाही. २००० साली अमेरिकेत एआरडीएसच्या, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून पाण्यानं भरलेल्या, पेशंटवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला किलोमागे १२ मिली, दुसऱ्याला ६. बारावाल्यांत जवळजवळ ४० टक्के दगावले, सहावाल्यांत ३१. औषध नवं नाही, मशीन नवं नाही, फक्त फुगवायचं कमी.

टेपची एक अडचण आहे. शिंप्याची टेप १५० सेंटिमीटरचीच असते. त्याहून उंच माणूस असला तर चादरीवर पेनानं खूण करायची, तिथून पुढचं मोजायचं आणि बेरीज करायची. पाय दुमडलेले असतील तर आधी सरळ करा. नातेवाइकांना उंची विचारू नका. प्रत्येक नवरा बायकोच्या मते पाच फूट आठ इंच असतो.

हात

पहिल्या-दुसऱ्या वर्षात पुस्तक भरपूर असतं: शरीररचना, शरीरक्रिया, औषधं, जंतू. ते करावंच लागतं. पण ही विद्या हातात उतरावी लागते, आणि तिची सुरुवात अँबू बॅगपासून, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या रबरी पिशवीपासून.

बॅग दाबणं हे हलकं काम समजून मुलं नाक मुरडतात. त्यांना मी कोपनहेगन सांगते. १९५२च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची साथ आली, श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले पेशंट, आणि लोखंडी फुप्फुस म्हणायचे ती यंत्रं मोजकीच. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून घेतलं, नळी घातली आणि पिशवीनं हातानं श्वास दिला. मुलगी जगली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. आज ज्याला आयसीयू म्हणतो त्याची मुळं तिथली. तेव्हा बॅग दाबताना तोंड वाकडं करायचं नाही.

आणि दाबायची हळू. नवखा माणूस घाबरला की मिनिटाला तीस-चाळीस वेळा दाबतो; हवा बाहेर यायला सवड मिळत नाही, रक्तदाब पडतो. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांना एक. मी मनात 'राम कृष्ण हरी' सावकाश दोनदा म्हणते आणि मग दाबते. छाती उचललेली दिसली की बस, बॅगेतली सगळी हवा संपवायची नसते.

सक्शनचंही, म्हणजे ट्यूबमधला कफ नळीनं ओढून काढण्याचंही तसंच. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. आधी शंभर टक्के ऑक्सिजन. आत घालून बाहेर काढेपर्यंत दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही. शिकताना मी स्वतःचा श्वास धरायचे. मला गुदमरलं की पेशंटलाही गुदमरलं असणार. ही युक्ती अजून वापरते. ट्यूबभोवतीच्या फुग्यातला दाब, म्हणजे कफ प्रेशर, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान, दर पाळीत मीटर लावून बघायचं. बोटानं फुगा चाचपून "ठीक आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका.

एबीजी

धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, हा मुलांचा मोठा बागुलबुवा. मनगटावर सुई टोचायला शिकाल, त्याआधी हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त येतंय ना हे तपासायला शिकाल. हात बसतो. खरं काम कागद वाचण्याचं. निरोगी माणसाचे आकडे: पीएच ७.३५ ते ७.४५ (खाली गेला म्हणजे आम्ल वाढलं), कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६. रोज पाच कागद वाचा, वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे पेशंट कसा दिसत होता तेही लिहा. नुसते आकडे लिहिलेली वही रद्दीत जाते.

माझ्या वहीतले दोन देते. पहिला: पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट २७. आजी, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. वायू आत साठलाय, बाहेर पडत नाही. इथे बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं श्वास देणारं मशीन, लावतात आणि ऑक्सिजन असा सोडतात की रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ टक्क्यांमध्ये राहावं. ९९ दिसलं की नातेवाईक खूश होतात, पण अशा पेशंटला जास्तीचा ऑक्सिजन गुंगी आणतो.

दुसरा: पीएच ७.२०, कार्बन डायऑक्साइड २२, बायकार्बोनेट ८. पोरगा वीस वर्षांचा, धापा टाकतोय. सगळ्यांना वाटलं दमा. छाती ऐकली तर स्वच्छ. साखर बघितली तर मीटर 'हाय' दाखवतोय. मधुमेहाचं आम्ल रक्तात चढलेलं आणि पोरगा जोरजोरानं श्वास घेऊन ते उडवून लावत होता. अशा पोराला ट्यूब टाकायची वेळ आली आणि तुम्ही सवयीनं मशीनवर मिनिटाला १४ श्वास ठेवलेत, तर त्याची एकुलती एक ढाल तुम्हीच काढून घेतलीत. कार्बन डायऑक्साइड चढेल, पीएच कोसळेल. म्हणून सेटिंग करायच्या आधी पेशंट स्वतः किती श्वास घेत होता ते बघून ठेवायचं.

अलार्म वाजला

इंटर्नशिपच्या पहिल्या रात्री अलार्म वाजेल आणि तुमचा हात तो बंद करायच्या बटणाकडे जाईल. जाणारच. पण डोळे पेशंटकडे न्या. छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का? रंग? सॅच्युरेशन पडत असेल आणि कारण सापडत नसेल तर मशीन काढा, शंभर टक्के ऑक्सिजनवर बॅग दाबा आणि हाक मारा. बॅगवर पेशंट सुधारला तर दोष मशीनचा किंवा सर्किटचा, म्हणजे मशीन आणि पेशंटमधल्या नळ्यांचा. बॅगही घट्ट लागतेय, दाबली जात नाहीये, तर दोष ट्यूबमध्ये किंवा छातीत. नळी सरकली का, नळी तुंबली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्र बिघडलं का, ही चार नावं याच क्रमानं झोपेतही म्हणता आली पाहिजेत.

पीक प्रेशर (हवा आत जाताना चढणारा सगळ्यात जास्त दाब) आणि प्लॅटू प्रेशर (हवा क्षणभर थांबवून मोजलेला फुप्फुसातला दाब) यांतला फरक माझ्या डोक्यात बाबांच्या माडांच्या बागेमुळे बसला. पंप चालू आहे, पाणी येत नाही: एक तर पाइपवर कुणी पाय दिलाय, नाहीतर पुढची टाकीच भरलीय. पीक वाढलं पण प्लॅटू जागेवर आहे, तर पाइपवर पाय: कफ अडकला, ट्यूब चावली, श्वासनळ्या आखडल्या. दोन्ही वाढले, तर टाकी: फुप्फुसच ताठ झालंय, किंवा ट्यूब खोल जाऊन एकाच बाजूला सगळी हवा जातेय. प्लॅटू ३०च्या आत राहिला पाहिजे. परीक्षेत हे आलेख काढून विचारतात. मी उत्तरपत्रिकेत पाइप काढला नाही, पण मनात तोच होता.

आणि सर्किटमधलं साठलेलं पाणी काढा. अर्ध्या अलार्मांचं मूळ ते पाणी असतं. हे काम मामा-मावशींचं नाही, आपलं आहे. पाणी पेशंटकडे वाहू न देता ट्रॅपमध्ये उतरवायचं.

सिलिंडर

ऑक्सिजन भिंतीतून येतो असं समजणारी मुलं २०२१नंतर कमी झाली. त्या वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात टाकीतून गळती झाली, पाइपमधला दाब पडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. तेव्हापासून आम्ही शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात द्रव ऑक्सिजनची टाकी आणि मॅनिफोल्ड रूम, म्हणजे सिलिंडर पाइपला जोडलेली खोली, दाखवायला नेतो. द्रव उणे १८३ अंशांचा, त्याच्या एका लिटरचा साधारण साडेआठशे लिटर वायू होतो. कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे, राखीव सिलिंडर किती, हे माहीत असू द्या.

पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं तर हिशेब असा. आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर, काळं अंग आणि पांढरा खांदा, साधारण १० लिटर पाणी मावेल एवढा. दाबाच्या घड्याळात १२० बार दाखवत असेल तर आत १० गुणिले १२०, म्हणजे १,२०० लिटर. मिनिटाला १० लिटरनं १२० मिनिटं. कागदावर. मी त्यातला तिसरा हिस्सा नाहीच असं धरते, कारण एकदा लिफ्टमध्ये अडकून बाहेर यायला पंचवीस मिनिटं लागली होती. आणि निघण्याआधी सिलिंडरची चावी ट्रॉलीला बांधलीय का ते बघा. भरलेला सिलिंडर आणि चावी वरच्या मजल्यावर, यासारखी लाज नाही.

पंप

सगळे व्हेंटिलेटरवर जीव टाकतात आणि इन्हेलर शिकवायचा कंटाळा करतात. मला उलट वाटतं. ओपीडीत दहा मिनिटं नीट दिलीत तर तो पेशंट आयसीयूत येतच नाही. पंपाची सवय लागते, ही समजूत घराघरात आहे. तिच्याशी भांडू नका, आधी पूर्ण ऐका. मग "घेऊन दाखवा" म्हणा. "कळलं का?" विचारलंत तर सगळे मान डोलावतात. रोटाहेलरमधून भुकटी ओढायची असते ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे काका मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतात. चूक त्यांची नाही, कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबतानाच सावकाश आत ओढायचा, दहा आकडे रोखायचा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, असला तर उत्तम. इथे तुमची मराठी, मालवणी, अहिराणी कामाला येते. 'इनहेल डीपली' ऐकून कुणी श्वास घेत नाही, "मोगऱ्याचा गजरा हुंगल्यासारखा आत ओढा" म्हटलं की घेतात. वाफ, म्हणजे नेब्युलायझर, सगळ्यांना आवडते. पण आवडते म्हणून रोज लागते असं नाही, हेही सांगा.

नोकरीचं भाचीच्या बाबानं विचारलं, म्हणून सांगते. आयसीयू, नवजात बाळांचा विभाग, फुप्फुस तपासणीची लॅब, स्लीप लॅब, घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या पेशंटची देखरेख, मशीनच्या कंपन्या, एवढ्या वाटा आहेत. पहिला पगार चुलतभावापुढे सांगावासा वाटला नाही, तो इंजिनियर. आखातात जायचं तर डेटाफ्लोची (कागद खरे आहेत का हे तपासणारी कंपनी) कागदपत्रं आणि प्रोमेट्रिकची परवान्याची परीक्षा, शिवाय बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात. म्हणून इंटर्नशिपची लॉगबुकं, अनुभवाची पत्रं पहिल्या दिवसापासून जपा. अमेरिकेत आपल्या पदवीवर थेट परवाना मिळत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून जावं लागतं; एजंट काहीही म्हणो.

मृत्यू बघावे लागतात. त्याचं प्रशिक्षण कुठल्याच कॉलेजात नाही. पहिला पेशंट गेला त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले आणि एका मावशींनी न बोलता चहा आणून दिला. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणासाठी मी तो आणला.

भाचीला परवा यादी पाठवली: सेकंदकाटा असलेलं घड्याळ, स्टेथोस्कोपवर नावाची पट्टी, कारण तो हरवतोच, छोटी वही, रात्रपाळीसाठी पातळ स्वेटर, खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी आणि टेप. तिचा उलट निरोप आला, "टेप धातूची चालेल का? बाबांची आहे, तीन मीटरची, जोडावी लागणार नाही." नको म्हटलं. धातूची थंड लागते, आणि कड पेशंटच्या कातडीला कापते.